एक शब्द राह्यला, ताई

१९ नोव्हेंबर. काम : जुने फ्लेक्स निवडणे. कापूस घरात यायला लागला की शेतकरी दुकानाच्या दारात उभे राहतात आणि म्हणतात, "ताई, मोठ्यातला एखादा द्या." माझं फ्लेक्स छापायचं दुकान जालन्यात, एमआयडीसीच्या रस्त्यावर. वर्षभर मी लोकांचे चेहरे छापते आणि शेवटी तेच चेहरे कापसावर, कडब्यावर, गळक्या पत्र्यावर कामी येतात. एवढी लोकसेवा त्या चेहऱ्यांकडून एरवी होत नाही.

त्या दिवशी गठ्ठ्यात सरांचा फ्लेक्स निघाला. माणसाएवढा फोटो, मागे कुठल्याशा परदेशी विद्यापीठाची इमारत. इमारत मीच टाकली होती. इमारतीशिवाय प्राध्यापक उघडा दिसतो. फोटोतसुद्धा सरांचं बोट वर होतं.

ते बोट म्हणजेच सर. मजकूर बसवून झालाय, गिऱ्हाईक खूश आहे, मी छपाई सुरू करणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून बोट वर.

"थांबा ताई. एक शब्द राह्यला."

राहिलेला शब्द नेहमी त्याच चार-पाचांतला. ओन्ली, ईव्हन, ऑलमोस्ट, निअरली, हार्डली. "पोरान्ला वाटतं हे शब्द निस्ते क्रियापदाच्या मागं पळतात," सर सांगत. कुणी विचारलेलं नसे. "न्हाई. इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात त्यान्ला खुशाल नामाच्या पुढ्यात बसवतो. ओन्ली द मॅनेजर. ऑलमोस्ट अ डॉक्टर. नाम एकटं सोडलं की फुगतं, ताई. कोणीतरी पाशी पाहिजे."

सर जवळच्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. तास चालू आहे तोवर तुम्ही शिक्षक, घंटा झाली की कोणीच नाही. आणि पुढच्या वर्षी घेतीलच असंही नाही. पहिल्या दिवशी मी "प्राध्यापक का?" म्हणून विचारलं, तर बोट वर. "हार्डली अ प्रोफेसर."

तास संपले की ते माझ्याकडे येऊन बसत आणि पाट्यांवरचं इंग्रजी तपासून देत. बदल्यात माझ्या डब्यातली अर्धी भाकरी. ठेच्याला "क्वाइट अ ठेचा!" म्हणत, पण तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर.

एकदा लोखंडाच्या गिरणीचा मॅनेजर पाटी करायला आला. सर्व कामगारांनी हेल्मेट घातलंच पाहिजे, हे इंग्रजीत. बोट वर. "खाली ईव्हन द मॅनेजर टाका."

मॅनेजर म्हणाला, "माझा काय संबंध? मी केबिनमधी बसतो."

"बराबर," सर म्हणाले. "साहेबांचं डोकं गिरणीतच तयार झालं असंल."

पाटी 'ईव्हन'शिवाय गेली. मॅनेजर पुन्हा आला नाही. सरांमुळे माझी गिऱ्हाइकं वाढली असं मला म्हणता येणार नाही.

बुरख्यांचं दुकान उघडणाऱ्या चाचांनी तर हात जोडले होते. पाटीवर 'लेडीज ओन्ली' की 'ओन्ली लेडीज', शब्द नामाच्या मागे बसला तर काय, पुढे बसला तर काय, हे सर त्यांना अर्धा तास समजावत होते. चाचा शेवटी म्हणाले, "सर, औरतां आना बस. तुम्हारा ओन्ली किदर बी बैठने दो."

आणि ते भावी नगरसेवक. आमच्याकडे ज्याला दुसरं काही होता येत नाही तो भावी होतो. ह्यांना खाली इंग्रजीतही हवं होतं. सरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "निअरली अ कॉर्पोरेटर." साहेबांना ते भारदस्त वाटलं. "ते निअरली जरा मोठ्या अक्षरात घ्या," म्हणाले. निवडणूक झाली, साहेब पडले, आणि फ्लेक्स तरीही खरा राहिला. पडल्यावरही खरा राहिलेला दुसरा फ्लेक्स मी छापलेला नाही.

मग उन्हाळ्यात कॉलेजात पूर्ण वेळेची एक जागा निघाली. इंग्रजीचीच. सर इतकी वर्षं त्या जागेच्या दारात बसून होते. मुलाखतीच्या दिवशी त्यांची विद्यार्थीमंडळी दुकानात आली. मजकूर तयार : प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

"निवड झाली?" मी विचारलं.

"होऊन राह्यली ना ताई. मुलाखत चालूये. सरांशिवाय हाये कोण?"

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे अभिनंदन आधी होतं, गोष्ट मागून येते. न आलेल्या किती गोष्टींची अभिनंदनं मी छापली आहेत ते विचारू नका.

मजकूर पडद्यावर असतानाच सर आले. इस्त्रीचा शर्ट, पाठ घामानं भिजलेली. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. नावाआधी 'प्राध्यापक'. मोकळं, उघडं, पाशी कोणी नाही. बोट वर गेलं.

"थांबा ताई. एक शब्द..."

मुलं त्यांच्याकडे बघत होती. सरांनी बोट खाली घेतलं.

"फोटो बरा आलाय," म्हणाले.

मी छापलं.

जागा संस्थाचालकांच्या भाचेजावयाला मिळाली. जावई इंग्रजीचेच आहेत. ऑलमोस्ट.

आमच्या शहरात फ्लेक्स लावायला वीस माणसं धावतात. उतरवायचं काम वाऱ्याकडे असतं. मुलांनी सरांचा फ्लेक्स कॉलेजजवळच्या चौकात बांधला होता. सर रोज त्या चौकातून, स्वतःच्या अभिनंदनाखालून, तास घ्यायला जात. कोणीतरी रोज ओरडे, "काय प्रोफेसर, पेढे कधी?" गणपती झाल्यावर त्यांनी परभणीकडच्या एका शाळेत नोकरी धरली. जाताना मला एवढंच म्हणाले, "ताई, तेवढं उतरवा."

"बघते," म्हटलं. बघायला नोव्हेंबर उजाडला, तेही त्या चौकटीवर एका नव्या भावीचा वाढदिवस लावायचा होता म्हणून.

तर १९ तारखेला तो फ्लेक्स हातात असतानाच सरांचा फोन आला. शाळा कशी, जेवणाचं काय, असं मी विचारत होते. ते भलतंच बोलले.

"ताई, आई उद्या जालन्याला येऊन राह्यली. धावड्याहून, सकाळच्या भोकरदनच्या एसटीनं. डोळे दाखवायला."

"मग?"

"गावात कोणीतरी सांगितलं तिला, पोराचा मोठा फोटू चौकात लागला म्हणून. ती म्हणती, डॉक्टरनं डोळ्यात औषध टाकायच्या आत मला तो बघायचा. त्यानं धुरकट दिसतं ना."

"सर, उतरवला तो. तुम्हीच सांगितलं होतं."

"हां. बराबर."

"आईला काय सांगितलंय तुम्ही?" मी विचारलं.

"तिनं इचारलं न्हाई."

"वाचता येतं त्यांना?"

"बोट ठेवून वाचती. सावकाश. पण सगळं वाचती."

मला अवघड बोलणं फार वेळ झेपत नाही. म्हणून म्हटलं, "मग लावते, आणि तुमचा तो ऑलमोस्ट पट्टी चिकटवून देते वर. झालं?"

वाटलं, हसतील.

"न्हाई ताई," सर म्हणाले. "उद्याच्या दिवस तसंच राहू द्या. ओन्ली द मदर."

"तुम्ही येताय?"

"मला त्याच्याखाली उभं राहवणार न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.

दारातल्या शेतकऱ्यानं तोवर त्याच फ्लेक्सचं टोक चिमटीत धरून बघितलं होतं. "हाच द्या ताई. जाड हाये."

"तो सोडून कोणताही घ्या. ते भावी घ्या, चार आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी, सुतळी आणि फ्लेक्स टेम्पोत घालून चौकात गेले. फाटलेल्या कोपऱ्याला पट्टी लावली होती. शब्दांना हात लावला नव्हता. चौकटीवर नवे भावी गॉगल घालून हसत होते. त्यांचा वाढदिवस तसाही होऊन गेला होता. त्यांच्यावरूनच सरांना ताणून बांधलं. ओरडतील तर ओरडतील. सगळे पैसे अजून त्यांनी कुठे दिलेत?

चहावाल्यानं शिडी धरली होती. मान वर करून त्यानं फ्लेक्स बघितला. "ताई, हे सर तर गेल्ते ना सोडून? मंग झाले का काय प्रोफेसर?"

पहिली भोकरदनची एसटी यायची वेळ झाली होती. मी शेवटची गाठ आवळली आणि खाली उतरले.

"वाचता येतं ना तुला?" मी म्हटलं. "मग वाच की."