शेकडा कशाचा?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोरही आडवळणानेच बोलले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ उचलत नाही.

अंबरनाथच्या एका शाळेत मी गणित शिकवते. मुलं मागून फटकळ म्हणतात, मला ठाऊक आहे. कोणी फळ्यावर टक्के काढले की माझा प्रश्न ठरलेला — शेकडा कशाचा? नापास झालेल्यांतले किती जण क्लासला जाणारे, आणि क्लासला जाणाऱ्यांतले किती नापास, हे दोन निराळे प्रश्न आहेत. तक्ता तोच. पण एकदा उभ्या रकान्याच्या बेरजेने भागायचं, एकदा आडव्या ओळीच्या. उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुलं माझी नक्कल करायची. दुकानदाराने सूट सांगितली तरी म्हणे विचारायची, शेकडा कशाचा?

मग मला काय झालं होतं?

बदलापुरात आमची पन्नास घरांची सोसायटी. दहा घरांत मालक राहतात, बाकीची चाळीस भाड्याने दिलेली. पाणी, पार्किंग, आवाज — तक्रारी चालूच. अध्यक्ष सावंतकाकांच्या डोळ्यांत भाडेकरूच खुपायचे. ते मला म्हणाले, "मॅडम, जरा आकड्यांत बसवून द्या ना. म्हणजे मीटिंगमध्ये कोण किटकिट करणार नाय."

मी बसवून दिलं. चोवीस घरांविरुद्ध तक्रारी होत्या — सोळा भाडेकरूंची, आठ मालकांची. सभेत उभी राहून मी हे आकडे वाचले आणि सांगितलं की तक्रारीच्या घरांपैकी जवळजवळ सदुसष्ट टक्के घरं भाडेकरूंची आहेत. खोटं होतं का? नव्हतं. पण भाडेकरूंच्या चाळीस घरांतली सोळा म्हणजे चाळीस टक्के, आणि मालकांच्या दहांतली आठ म्हणजे ऐंशी टक्के — हे मी गिळून टाकलं. त्या आठांत एक घर माझं होतं. आमच्या चिरंजीवांची बाइक कायम दुसऱ्याच्या जागेत उभी असायची. नजरचुकीने झालं म्हणू? कसं म्हणू — दोन्ही हिशेब मी घरी करून पाहिले होते, आणि सोयीचा तेवढा घेऊन खाली आले होते.

ठराव झाला. तक्रार असलेल्या भाडेकरूंचा करार पुढे वाढवायला सोसायटी संमती देणार नाही. तक्रार असलेल्या मालकांचं काय, हे कोणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या आणि मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

पण मुद्द्यावर मी अजून आलेच नाही. टाळते आहे, कळतंय मला.

मागच्या रांगेत ज्योती बसली होती, आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. उल्हासनगरच्या एका इस्पितळात नर्स. पहाटे ड्यूटीवर जायच्या आधी डब्याच्या चटणीसाठी मिक्सर लावते, ही तिच्याविरुद्धची तक्रार. शेजारी तिची मुलगी ऋतुजा — नववीत, माझ्याच वर्गात. संध्याकाळी माझ्याकडे गणितं सोडवायला यायची, येताना कधी आईच्या हातचे घावणे आणायची. मी टक्के सांगितले तसा तिचा हात वर गेला. वर्गात जायचा तसाच. मी तिच्याकडे पाहिलं. शिक्षक असं कधी पाहतात ते तुम्हीही शाळेत अनुभवलं असेल. हात खाली आला.

हेही नाही. खरं पाप याच्या पुढे आहे.

ज्योतीचा करार वाढला नाही. त्यांना उल्हासनगरला एक नंबर कॅम्प या वस्तीत एक खोली मिळाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ऋतुजा माझा कंपास परत द्यायला आली. रागावलेली नव्हती — रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं. "मॅडम, मी केलं की मालकांचे टक्के जास्त येतात. परत परत करून बघितलं. माझं कुठे चुकतंय?"

दार उघडं होतं. खाली सावंतकाका टेम्पोवाल्याला गाडी पुढे घ्यायला सांगत होते. तुझं बरोबर आहे — एवढंच तर म्हणायचं होतं. घर परत मिळालं असतं की नाही, देव जाणे. पण ते तिने मागितलंच कुठे होतं?

मी म्हणाले, "भलत्याच संख्येने भागलंस तू. नेहमीची घाई, दुसरं काय?"

ती ओशाळली. "हां, तेच असणार," म्हणाली. मग वाकून माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.

मध्यंतरी अंबरनाथच्या भाजीबाजारात ज्योती भेटली. वाळली होती, पण बोलणं पूर्वीसारखंच मोकळं. ऋतुजा अकरावीला गेल्याचं सांगितलं. "सायन्स नको बोलली, मॅडम. मार्क होते तरी. गणितात माझं डोकं नाय चालत, असंच बोलत असते. तुम्ही तरी किती शिकवलंत तिला."

मी मेथीची जुडी उलटसुलट करत राहिले. म्हणाले, "ज्याची त्याची आवड."

ऋतुजाचं उत्तर बरोबर होतं. ते मला त्या दिवशी दारात माहीत होतं, आणि बाजारातही.