सिदू आण्णांनी काढलेला बोल्ट

सिदू म्हाकू येळे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी सव्वाचार वाजता, पाचगणीतल्या एका बर्फघराच्या मागच्या शेडमध्ये. करणारी मी. आजवर सातारा-सांगलीच्या स्टँडांवर मी दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायांची पत्रकं वाटली. मालकांची आणि कंत्राटदारांची नावं ठळक छापली. या वेळी नाव माझं आहे, म्हणून टाईप बारीक करणार नाही.

आण्णांना तुम्ही पाहिलेलं नाही. वडूजकडचे, घराणं मेंढपाळांचं, वय साठीला टेकलेलं. त्यांच्या डाव्या कानाची पाळी कायम काळी असायची. इंजिन सुरू करून ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. बर्फघरात आम्ही दोघंही रोजंदारीवर होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा नाटक करतोय. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "मागचं बेरिंग रडतंय." खोललं तर मागचंच बेरिंग गेलेलं.

मी शिराळ्याची. सांगलीच्या आयटीआयतून मोटर मेकॅनिक झाले, वर्गात मुलगी मी एकटीच. मुलींनी पाना हातात घ्यावा म्हणून पत्रकं काढली, भाषणं केली. आण्णा चौथीही शिकलेले नाहीत. तरी काही बिघडलं की बर्फघराचा मालक आधी त्यांच्याकडे बघायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा असं लिहिलं तर ते फार सभ्य होईल. मी जळायचे. त्यांचा हात एकदा फिरला की नट सुटायचा, त्यावर जळायचे. ते हातातलं काम थांबवून मला शिकवायला बसायचे, त्यावर तर जास्तच.

बर्फघर म्हणजे पर्यटकांसाठी गारठवलेली मोठी शेड. तिथे मालकाने हिमाचलातून एक जुनी स्नो-स्कूटर आणलेली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा. आण्णांनी झाकण उघडून बघितलं आणि हसले, "ही तर आपल्या बिनगियरच्या गाडीची थोरली जाऊ." खरंच होतं ते. इंजिनाच्या दांड्यावर क्लचचा जड डबा बसतो आणि एक लांब बोल्ट त्याला धरून ठेवतो. ऐन सुट्टीच्या गर्दीत तो बोल्ट तुटला. क्लच उतरवला, बोल्टचं डोकं हातात आलं आणि उरलेला तुकडा दांड्याच्या पोटात, बोटभर आत, रुतून बसला.

मालक म्हणाला, जो हा काढील तो सगळ्या मशिनरीचा कायमचा मिस्त्री, खोलीसकट. शेडला लागून एक खोली होती. आण्णा वाईत चौघांच्या बिऱ्हाडात राहून रोज घाटाने एसटीतून वर यायचे. बायको, तानूमावशी, गावी मेंढरांपाशी. वीस वर्षं दोघांचा संसार असा दोन गावांत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आण्णा ती खोली बघून आले. मला एवढंच म्हणाले, "चूल खिडकीखाली बसंल."

मला खोली नको होती. मला फक्त त्यांच्या आधी बोल्ट काढायचा होता.

पुस्तकात लिहिलंय तसं केलं. तुकड्याच्या मधोमध भोक पाडायचं आणि त्यात उलट्या आट्यांचा सुळा रोवून फिरवायचा. ड्रिल लावलं. बोल्ट मोडलेला वेडावाकडा, टोक घसरलं आणि कडेला चाललं. आणखी जरा गेलं असतं तर दांड्यातले आटे खाल्ले असते, म्हणजे इंजिन भंगारात. मागून हात आला आणि ड्रिलची पिन बोर्डातून निघाली.

"आवं आण्णा, जमत आलं हुतं," मी म्हणाले.

"व्हय, भंगारात जमत आलं हुतं," ते म्हणाले. मग ड्रिल बाजूला ठेवून खाली बसले. "पोरी, ह्याचं डोकं तुटलंय. आता ह्याला दाबणारं कोण हाय? नुस्तं गंजानं धरलंय. त्याच्यावर रागावून काय हुतंय."

त्यांनी करंगळी आत घातली आणि डोळे मिटले. मेंढी अडली की त्यांचा बाप कधी ओढायचा नाही, असं सांगत होते. बोटाने बघायचा, कोकरू कसं वळलंय ते, आणि मग त्याच्या कलाने वळवायचा. सांगता सांगता आत तेल सोडलं. उकळत्या पाण्यात फडकी बुडवून दांड्याला गुंडाळली, गार झाली की बदलली. दोन तास हेच. मी तोंड फुगवून फडकी पिळून देत होते. मग बारीक टोकाचा पंच तुकड्याच्या कडेला टेकवून, उलट्या अंगाने, हलक्या हातोडीने टकटक. चिमणी दाणा टिपते तेवढाच जोर. तुकडा केसभर हलला. आणखी केसभर. शेवटी त्यांनी हातोडी ठेवली आणि तो नुसत्या बोटाने फिरवत बाहेर काढला.

तो माझ्या तळहातावर ठेवला. कोमट होता. म्हणाले, "घे, तुला दावायचं हुतं," आणि हात धुवायला गेले.

तेवढ्यात मालक आला. ग्रीसने माखलेली पोरगी, हातात बोल्ट. त्याने आधी फोटो काढला, मग विचारलं, "तू काढलास?"

मी म्हणाले, "हो."

आण्णा हात पुसत दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यातली फडकी गोळा करून वाळत घातली. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मला खोली मिळाली. माझा फोटो तिकीट खिडकीवरच्या फलकावर लागला, आणि मी स्वतः तोच फोटो माझ्या पत्रकावर छापून दोन्ही जिल्ह्यांत वाटला. खाली माझं नाव ठळक छापून लिहिलं, 'जे पुरुषांना जमलं नाही ते हिने केलं.'

दिवाळीनंतर वडूजला गेले. आण्णा अंगणात पाण्याची मोटर खोलून बसले होते, कान तसाच काळा. मी उभ्यानेच सगळं बोलले. वाटलं, शिव्या घालतील, म्हणजे फिटेल. ते मोटरकडे बघत म्हणाले, "पूर्वेच्या खिडकीची कडी बसती का गं? ढिली हुती. मी बगून ठेवली हुती."

मी त्या खोलीत सहा महिने राहत होते. कडी ढिली आहे हे मला माहीत नव्हतं. तिथे उभी राहूनही मी जळाले. माझी खोलीसुद्धा त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

तानूमावशींनी चहा ठेवला. त्या आण्णांसारख्या नाहीत, त्यांनी सांगून टाकलं. "ह्यांनी बोल्ट निगायच्या आदीच फोन केला हुता, खोली मिळतीया, ये म्हणून. मी मेंढरं भावाकडं लावून दिली. आता परत मागायची कोणत्या तोंडानं?"

परत आल्यावर मी खोली सोडली आणि मालकाला खरं सांगितलं. तो म्हणाला, फलक छापून झालाय, फोटो लोकांना आवडतो, आता गोंधळ नको. खोलीला कुलूप आहे. किल्ली त्याच्या गल्ल्यात आहे.

माझं ते पत्रक तुमच्या घरात असेल तर आत्ता पेन घ्या. माझं नाव खोडा, सिदू म्हाकू येळे असं लिहा. आणि पाचगणीला बर्फ बघायला याल तेव्हा माझा फोटो असलेल्या खिडकीपुढे थांबा. तिकीट मागू नका. आधी विचारा, सिदू आण्णांना किल्ली कधी देताय? उत्तर मिळेपर्यंत रांगेतून हलू नका.