मापवाली

म्हातारीचे कान गेलेत असं घरात सगळे धरून चालत, आणि तिनंही तो गैरसमज जपला होता. बहिऱ्या माणसासमोर लोक मन मोकळं करतात. पण त्या संध्याकाळी मुलगा आणि सून आतल्या खोलीत भांडायला लागले, तेव्हा तिला वाटलं, खरंच गेले असते तर बरं झालं असतं.

"सगळ्यांनी तिप्पट लिहून दिलं," मुलगा म्हणत होता. "तिप्पट मागावं तेव्हा कुठे एकपट पदरात पडतं. शेंबड्या पोरालाही कळतं हे. तू माझं कमी का लिहिलंस?"

"कमी नाही. खरं लिहिलं."

"मला न विचारता?"

"रोज जेवताना तूच सांगतोस ना, एवढं मिळालं की माझं काम झालं? तेवढंच लिहिलं."

"म्हणजे जगाचं खोटं चालतं, नवऱ्याचं तेवढं खरं पाहिजे?"

"जगाला किती लागतं ते मला माहीत नाही. तुझं माहीत आहे. माहीत असून कसं फुगवू?"

"हात दाखवून अवलक्षण," मुलगा म्हणाला, आणि दार आपटलं.

भांडण कशाचं, ते म्हातारीला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. मुलगा आणि सून ज्या संस्थेत कामाला होते, तिथल्या सगळ्या संशोधकांत मिळून गणितं करणारं एकच मोठं मशीन होतं. कपाटांच्या रांगाच रांगा, आणि आत असा घोंघाट की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. कोणी त्यावर ढगांची गणितं घाली, कोणी औषधांची, कोणी ताऱ्यांची. मुलगा डोंगरांची घालायचा. भिजलेला उतार कुठून खचेल आणि कधी, हे त्याला आधी सांगता यायला हवं होतं. असलं मशीन काही वर्षांत थकतं, मग नवं आणायचं, आणि त्याआधी कोणाला किती लागेल याचं माप घ्यायचं. ते काम सुनेकडे. खोल्याखोल्यांतून विचारत हिंडायची म्हणून ऑफिसात तिला मापवाली म्हणत.

"पाण्याच्या टाकीसारखंच की हे," म्हातारी एकदा बहिरेपण विसरून सुनेला म्हणाली. "केवढी बांधू विचारलं, की जो तो घागर लपवून पिंप दाखवतो."

सून हसली. "अगदी तसंच, आई. मग समिती म्हणते, सगळेच पिंपवाले, प्रत्येकाचा एक तृतीयांश करा."

त्या खेपेलाही तसंच झालं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. फुगवणाऱ्यांना हवं तेवढं मिळालं, आणि ज्याचं माप खरं होतं त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा. मुलाचं गणित अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच. तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो सभ्य झाला. बायकोनं पाणी दिलं तरी पाहुण्यासारखं "थँक्यू" म्हणायला लागला. म्हातारीला तेव्हाच कळलं की हा आता घरात राहत नाही, नुसता उतरलाय. पुढे परगावच्या एका संस्थेत गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला, आणि थोडे दिवस काही संपेनात.

"मुलगा गेला आणि सून ठेवून घेतलीत?" शेजारीण म्हणाली.

"मुलाला पाय फुटले, तो गेला," म्हातारी म्हणाली. "हिला अक्कल आहे, ती राहिली."

बोलून गेली, पण रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

मुलाचं ते अर्धवट गणित मशीनवर तसंच पडून होतं. ते आहे तोवर तो येईल, अशी सुनेची आशा. तोंडानं कधी म्हणाली नाही, पण कपाटातले त्याचे कपडे दर महिन्याला उन्हात टाकायची. म्हातारी तिला क्लिपा काढून द्यायची.

पुढच्या मशीनचा विचार सुरू झाला, तेव्हा सून सभेत उभी राहिली. सरसकट कापू नका म्हणाली. कोण खरोखर किती वापरतो ते वर्षभर बघा, मग वाटा. आणि जी कामं अर्ध्यावर राहिली, त्यांच्यासाठी थोडा भाग राखून ठेवा.

"बाई, घरचं दुखणं सभेत आणू नका," एक जण म्हणाला.

"दुखणं घरचं असलं तरी औषध सगळ्यांना चालेल," ती म्हणाली.

घासाघीस पुष्कळ झाली. चार जण नाराज झाले, पण शेवटी ठरलं तसंच. सुनेनं नवऱ्याला कळवलं. उत्तर आलं नाही. "कामात असेल," म्हातारी म्हणाली. "असेल," सून म्हणाली.

नवं मशीन दूर बसलं, तिथली माणसंही वेगळी. जुनं बंद होणार आणि त्याच्याबरोबर सुनेची नोकरीही. शेवटचं काम उरलं होतं: ज्याचं ज्याचं सामान, म्हणजे साठवलेली गणितं, मशीनवर आहे, त्याला फोन करून विचारायचं. ऑफिसातली टेबलं उचलली गेली होती, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर. म्हातारी समोर मटार सोलत होती. सकाळपासून एकच पालुपद ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

मग फोनवर मुलाचा आवाज आला. म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मशीनच्या ऑफिसातून बोलतेय," सून म्हणाली. "तुमचं सामान आहे इथे. नव्या मशीनवर न्यायचं, की पुसायचं?"

"अजून आहे ते?"

"आहे. अर्धवट कामांसाठी वाटा ठेवलाय. तिथे पुरं होईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्याचं उत्तर निघालंय गं," तो म्हणाला. "दुसऱ्यांनी काढलं, केव्हाच. मीही आता इकडचाच झालोय. माझी वाट बघू नका. पुसून टाक."

"आई समोर आहेत."

"नंतर करतो त्यांना फोन."

सुनेनं पदरानं चष्मा पुसून परत लावला. "एकदा पुसलं की परत मिळत नाही. नक्की पुसू?" हेही ती सगळ्यांना विचारायची.

"नक्की."

तिनं पुसलं, झालं म्हणून सांगितलं, फोन ठेवला. म्हातारीनं टेबलावरून हात पुढे केला. सुनेनं तो क्षणभर धरला, सोडला, आणि पुढचा नंबर लावला.

"नमस्कार, मशीनच्या ऑफिसातून बोलतेय. तुमचं सामान आहे इथे."