सालीसकट बीट

गावात कुणाचंही दफन असो, बीट मासेनातेकडेच असायचं. पुरुष बैल कापत, आम्ही बायका मक्याच्या पिठाची पाप नावाची घट्ट लापशी ढवळत, कोबी चिरत बसायचो. बीटाच्या हंड्याजवळ मात्र तिच्याशिवाय कुणी फिरकायचं नाही. शेंडा नाही, शेपूट नाही, काही कापू द्यायची नाही. सालीसकट अख्खं शिजवायची आणि मगच सोलायची. शिजलं का पाहायला मी एकदा काटा टोचला, तर हातावर फटका बसला.

"टोचू नकोस, मामोलेमो. सगळा रंग रडून टाकेल ते."

तिची एकुलती एक लेक सेनाते माफेतेंग शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्यावरूनच आम्ही आईला मासेनाते म्हणायचो, समोर मात्र नुसतं म्मे, म्हणजे आई. एका सुट्टीत सेनातेनं बीटाच्या चकत्या धुऊन दोन पेल्यांत टाकल्या, एकात गार पाणी, दुसऱ्यात कढत. गार पाणी जेमतेम गुलाबी झालं, कढत मात्र बघता बघता लालभडक.

"आई, बीटाच्या प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो. रंग त्याच्या आत कोंडलेला. उष्णतेनं पडदा फाटतो, मग त्याला काहीच धरून ठेवता येत नाही."

"हे सांगायला सरकार तुला पगार देतं? मी फुकट सांगितलं असतं," मासेनाते म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण माझ्या हंड्यात तर रंग जात नाही."

"तुझ्या बीटाचेही आतले पडदे फाटलेलेच असतात, आई. वरची साल तेवढी सगळं धरून ठेवते."

आम्ही तिघी हसलो होतो.

गेल्या थंडीत सेनातेची गाडी घाटात दरीत कोसळली. दफनाच्या दिवशी मासेनाते आमच्या रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर घोंगडी पांघरून बसली. तिनं उठायचं नाही, चुलीकडे जायचं नाही. अपघातापासून चार दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. काय धीराची बाई, असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. सकाळी तिनं आपल्या जावेकडून एवढाच निरोप पाठवला, "बीट मामोलेमोला द्या. म्हणावं, सेनातेच्या जेवणाला रंग हवा."

आणि मी काय केलं? वाऱ्यानं चूल धरेना, माणसं तीनशेवर जमली, अख्खं बीट शिजायला दोन तास लागतात. मी ते सोललं, फोडी केल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. झटपट शिजलं. वेळ वाचला म्हणून मनात खूशही झाले. मेलं माझं शहाणपण.

कबरीवरून परतल्यावर तिचं ताट मीच घेऊन गेले. तिनं बीटाची एक फोड उचलून पाहिली. फिकी, जुन्या फडक्यासारखी.

"आधी सोललंस?"

"हो, म्मे. घाई झाली."

तिनं ती फोड ताटात परत ठेवली आणि माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता फटका बसेल.

"सेनाते बरोबर सांगत होती गं," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडायला लागली. संध्याकाळपर्यंत तिला कुणी थांबवू शकलं नाही.