कपाच्या बुडावरची लाल रेघ

आमच्या ऑफिसातले एक जुने सहकारी चहा संपला की कप उपडा करायचे आणि खिशातला दगड त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासायचे. लाल रेघ उमटली की खूश. "हे पाह्य भाऊ, लोखंड हाय. असली!" आमच्या खाण खात्यातला एकही कप धड राहिला नव्हता, पण रागावणार कोण? मोठे साहेबच आपला कप पुढे करायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. शिक्षण बेताचं, आणि त्याच्यावाचून साहेबांचं पान हलत नाही.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. दिल्लीहून पाहुणे यायचे आणि एकच विचारायचे, त्या टोकाच्या बस्तरमधून देशाला काय मिळेल? उत्तराचा तक्ता मी बनवायचो. लोखंड किती, कथील किती, बंदरापर्यंत नेण्याचा खर्च किती. पाहुणे तक्त्याची घडी घालायचे आणि ह्यांच्याभोवती जमायचे. ह्यांनी उमेदीची वर्षं तिथल्या डोंगरांत नमुने गोळा करण्यात घालवलेली. मध्येच म्हणायचे, "देशाले भेटते ते ठीक हाय. पन तिथल्या मानसाले का भेटते?" पाहुणे ते डायरीत लिहून घ्यायचे. माझ्या तक्त्यातलं कधी कुणी एक अक्षर लिहून घेतलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे बस्तरला कायमचा माणूस पाठवायचं ठरलं. मी साहेबांच्या कानाशी लागलो. "सर, अनुभव तो उन्हीं का है." साहेब आठवडाभर घुटमळले, मग ऑर्डर निघाली. त्या दिवशी मी घरी जिलबी नेली.

ते निघाले तेव्हा लाजेकाजेस्तव बसस्टँडवर गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"साहेबानं सांगतलं मले. तूच नाव सुचवलं ना? तिथं जायाले किती अर्ज देले मी, साहेब मले सोडूनच नव्हते राहिले. तू नसता तर इथंच रिटायर झालो असतो, भाऊ."

खरं काय ते सांगून टाकावं असं फार वाटलं. "जपून जा," एवढंच म्हणालो.

त्यानंतर ते रायपूरला आले नाहीत. आता पाहुणे माझंच ऐकतात.

मला ते शेवटचे दिसले ते बसच्या खिडकीत. शेजारी मांडीवर टोपली घेतलेली, तिकडचीच एक म्हातारी बसली होती. तिच्याशी ते तिच्या बोलीत बोलू लागले आणि असे हसले, जसे आमच्यात कधीच हसले नव्हते. बस हलली. मी हात हलवत राहिलो, त्यांचं लक्षच नव्हतं. मला त्या म्हातारीचाही हेवा वाटला.