ईईजीच्या आधीची शिकवणी

माझा धाकटा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे आणि आई गेल्यापासून तो माझ्याकडे सिडकोत राहतो. मी निवृत्त शिक्षिका. म्हणजे घरात एक कायमचा विद्यार्थी आणि एक कायमची बाई. बाईंना निवृत्ती मानवलेली नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी जेवायची ताटं मांडता मांडता तो मध्येच थबकायला लागला. हातात वाटी घेऊन उभा राहायचा. एकदा वाटी देवघरात सापडली. मी हसण्यावारी नेलं, कारण माझाही चष्मा अधूनमधून फ्रीजमध्ये सापडतो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्यांना चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका बराच जास्त असतो, म्हणाले, आणि तो ओळखणं अवघड जातं, कारण विसरण्याच्या नेहमीच्या चाचण्या त्यांच्यासाठी बनवलेल्याच नसतात. थायरॉइड आणि कान तपासून झाले, दोन्ही ठीक निघाले. मग सोमवारची वेळ मिळाली. आधी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, आणि नंतर थोडे प्रश्न.

प्रश्न म्हटल्यावर मी कामाला लागले. माझ्या वर्गाचा निकाल कधी खाली गेला नव्हता, आता घरातला जाऊ देणार होते का? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घोकंपट्टी चालली. कुठे राहतोस? सिडकोत. हे कोणतं शहर? नाशिक. आज वार कोणता? सोमवार. तपासणी सोमवारी होती, तेव्हा तोच वार पाठ करून घेतला. बिचारा गुरुवारी दूधवाल्यालाही सोमवार सांगत होता आणि मी मागून शाबासकी देत होते.

सोमवारी सकाळी त्याच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल तेल चोपडलं, चापूनचोपून भांग पाडला, तळहातावर दही-साखर ठेवली आणि गंगापूर रोडला रिक्षा केली. ईईजी काढणारी मुलगी नांदगावकडची होती. तिने त्याच्या केसांना बोट लावलं आणि ते बोट मला दाखवलं.

"मावशी, लय तेल हे. वायरी चिकटणार नाय. कागदावर लिहिलं होतं ना, शाम्पूने केस धुऊन या, तेल लावू नका."

लिहिलं होतं. ठळक अक्षरात, पहिल्याच ओळीत. प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा, असं आयुष्यभर पोरांना ओरडून सांगणाऱ्या बाई तो कागद पर्समध्ये घडी करून हिंडत होत्या. आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

मंगळवारी त्याचं डोकं लख्ख होतं. मुलीने पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. तो आरशात बघून खुदकन हसला. "डोळे मिटा," ती म्हणाली. त्याने मिटले. पण मला कुठे राहवतंय! मी समोर बसून ओठ हलवत होते, "मिट, मिट, घट्ट मिट."

"मावशी, बाहेर बसता का? यात कॉपी नाय करता येत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. बाकड्यावर बसले आणि मग मात्र भीती वाटली. आत जे उमटत होतं त्यावर माझा काहीच इलाज चालणार नव्हता.

नंतर डॉक्टरांनी त्याला जवळ बसवून विचारलं, आज वार कोणता? त्याने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सोमवार!" डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

"ते खोडा, डॉक्टर. चूक त्याची नाही. मी पाठ करून घेतलंय."

त्यांना हसू आवरेना. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, त्याच्या वतीने तुम्ही आणखी काय काय करता?"

मी काहीच नाही म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि एकेक बाहेर यायला लागलं. अंघोळीचं पाणी मीच काढून देते. ताटं मांडताना मागून हळूच सरळ करते. शर्टाची बटणं हल्ली मीच लावते. कधीपासून? सांगता येईना. तो काय विसरत गेला, याची नोंद माझ्या हातांनी पुसून टाकली होती आणि मी त्याला माया म्हणत होते.

आलेखात डोळे मिटल्यावरच्या लहरी असायला हव्यात त्याहून संथ वाटत होत्या. एवढ्यावरून निदान होत नाही, डॉक्टर म्हणाले, दर वर्षी आलेख काढू आणि त्याची तुलना त्याच्याच आधीच्या आलेखाशी करू. पण घरचं खरं कळल्याशिवाय या कागदाचा अर्थ लागणार नाही. त्यांनी सांगितलं, आठवडाभर मदत करू नका. नुसतं बघा आणि लिहा.

बुधवारी सकाळी मी त्याच्यापुढे शर्ट ठेवला आणि खुर्चीवर बसले. हात आपोआप पुढे जातात म्हणून ते मांडीखाली दाबून धरले. त्याने बाह्या चढवल्या. वरचं बटण चिमटीत धरलं, काज शोधलं, सोडलं, पुन्हा धरलं. बराच वेळ असंच चाललं. मला ओरडावंसं वाटत होतं. शेवटी त्याने बटण सोडलं, माझ्या दडवलेल्या हातांकडे पाहिलं आणि उघड्या शर्टानेच माझ्याजवळ आला.

"ताई, हात दुखतात तुझे?"

त्याने माझे दोन्ही हात ओढून बाहेर काढले आणि खाली बसून एकेक बोट चोळून द्यायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. तो उठल्यावर वही उघडली आणि लिहिलं, बटणं लावता आली नाहीत.