वाटेत हरवलेले वीस मिलिलिटर

श्री. बाळगोंडा आदगोंडा पाटील, वय एकोणपन्नास, राहणार माधवनगर. हुद्दा: शस्त्रक्रियागृह मदतनीस. कर्तव्ये: यंत्रे पुसणे, नळ्या जोडणे, सांगितलेले करणे. सदर पदास मोजमाप करण्याचा अथवा मत देण्याचा अधिकार नाही.

नोकरीआधी बारा वर्षं हा माणूस गावच्या दूध डेअरीत माप धरून उभा होता. त्यामुळे कोण काय सांगतं यापेक्षा भांड्यात काय उतरतं, यावर त्याचा विश्वास. दवाखान्यात हा दुर्गुण समजतात.

सांगलीतल्या त्या दवाखान्यात मेढ्याहून शिवांजली आली. सात महिने, सात किलो, हर्निया. आजी हरणाबाईनं बाळगोंडाला दारातच गाठलं.

"आवं भाऊ, पोरगी झोपल्यावर तिला श्वास कोण देनार?"

"मशीन, मावशी."

"आन मशीनवर नजर?"

हे कुठल्याच कर्तव्यात बसत नव्हतं. "मी हाय की," तो म्हणाला.

भूलतज्ज्ञ संयोगिता मॅडमनी भूल देऊन यंत्र लावलं. दर श्वासाला बावन्न मिलिलिटर. पडद्यावरही बावन्नच. सर्जन वीरधवल सर हातमोजे चढवून तयार. तेवढ्यात बाळगोंडानं कपाटातला हवा मोजणारा अंगठ्याएवढा सेन्सर पुढे केला.

"मॅडम, हे तोंडापाशी लावून बघूया का?"

"पाटील, मशीन नवीन आहे. बावन्न म्हणतंय की," सर म्हणाले.

"ते सोडल्यालं माप, सर. पोचल्यालं न्हवं. दूध गोठ्यात मापत न्हाईत, डेअरीत मापत्यात."

मॅडम हसल्या, पण त्यांनी सेन्सर बसवला. बत्तीस.

मग कुणी हसलं नाही. सकाळच्या मोठ्या पेशंटची जाड, लवचिक नळी यंत्राला तशीच राहिली होती. दर श्वासाला तीच फुगत होती आणि बाळाची हवा वाटेतच खात होती. ती बदलण्याचं काम, हुद्द्याप्रमाणे, बाळगोंडाचंच.

"चूक माझी, मॅडम."

"नंतर. आधी बारकी नळी आणा."

मॅडम हातानं पिशवी दाबून श्वास देत राहिल्या. त्यानं लहान मुलांची नळी जोडली. सेन्सरवर एक्कावन्न आले. सरांनी सुस्कारा सोडला. तो कुणी मोजला नाही.

तासाभरानं आतून रडणं ऐकू आलं. बाहेर हरणाबाई बाकावरून उठली आणि म्हणाली, "व्हय, ही आमचीच. लय दम हाय."

अहवालात नोंद झाली: 'किरकोळ तांत्रिक तफावत आढळली, ती सक्षम प्राधिकाऱ्यांनी दूर केली. मदतनिसास नळीबाबत समज देण्यात आली.'

शिवांजली संध्याकाळी पाऊण वाटी दूध प्याली.